सरकारी दवाखान्यातील रिकाम्या खाटेचे भाडे कोण भरतो?

रिकामा बैल दावणीला उभा राहिला म्हणून वैरण खायचा थांबत नाही. पेरणीचे दिवस असोत की बसून राहण्याचे, पेंढी ही टाकावीच लागते. म्हणून शहाणा शेतकरी बैल घेण्यापूर्वी तो वर्षातून किती दिवस औताला लागेल, याचा हिशेब बोटांवर करतो. लोहार एका खुरप्यासाठी भट्टी पेटवीत नाही आणि कुंभार आवा भरल्याशिवाय त्याला आग लावीत नाही. हे ज्ञान आमच्या लोकांस कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला ते आपोआप येते. परंतु जो पैसा आपणां सर्वांच्या खिशातून जातो आणि एकट्या कोणाच्याच खिशातून गेल्यासारखा दिसत नाही, त्याचा असा हिशेब कोण करतो? आज आम्ही सरकारी दवाखान्यांपुरता हा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोणी म्हणेल, सरकारचा पैसा सरकार पाहून घेईल, तुम्हांआम्हांस त्याचे काय? बंधूंनो, सरकारने काही टांकसाळीत रात्रभर बसून दवाखान्यासाठी वेगळा रुपया पाडलेला नाही. तुम्ही पंपावर डिझेल भरता तेव्हा कर भरता, घरी तेलाची पिशवी व साबणाची वडी आणता तेव्हाही भरता. ज्याची पावती तुमच्या हाती येत नाही असा कर भरणारा माणूस आपण कर भरतो हेच विसरतो, आणि जो विसरतो तो जाब विचारीत नाही. सरकारी दवाखाना ही दानधर्माची पाणपोई नव्हे. ती तुमच्या पैशाची विहीर आहे. तिच्यात पाणी किती व पोहऱ्यात येते किती, हे विचारण्याचा हक्क तुमचाच आहे.

सरकारी दवाखान्याविषयी दोन तऱ्हेची बडबड आमच्या कानी नेहमी पडते. एक पक्ष म्हणतो, सरकार पैसाच देत नाही, मग दवाखाना काय करणार? दुसरा म्हणतो, त्यात पैसा घालणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे; त्यापेक्षा ते दवाखाने खासगीवाल्यांच्या हाती देऊन मोकळे व्हावे. पहिल्याचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्राच्या एकूण उत्पन्नातील शेकडा अडीच रुपये सरकारांनी आरोग्यावर खर्चावे आणि हे 2025 पर्यंत घडावे असे ठरविले होते. 2025 साल आले तरी तो पल्ला गाठला गेला नाही. दुसऱ्या पक्षास आमचे विचारणे असे की, मडके फुटके आहे तर किती फुटके, कोठे फुटके, की ओतणाऱ्याचाच हात चुकतो, हे तुम्ही पाहिले काय? न पाहता मडके उकिरड्यावर फेकणारा मनुष्य बहुधा नवे मडके विकणाराच असतो.

नासाडी होते हे आम्ही नाकारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली काढलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, जगभर आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतील वीस ते चाळीस रुपये वाया जातात. हे शंभर रुपये केवळ सरकारी नव्हेत आणि केवळ गरीब देशांचेही नव्हेत. म्हणजे रोग सर्वांचाच आहे. प्रश्न तो मोजण्याचा आहे.

मोजायचे कसे? आमचा धंदा मास्तरकीचा. खंडाळा तालुक्यातील खेड्यात मुलांना गुणाकार-भागाकार शिकविण्यात आमचे दिवस जातात, आणि हा हिशेब तेवढ्याच गणितावर होतो. सरकारी मापाप्रमाणे सपाटीच्या मुलखात पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर तालुक्याकडे तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय अशी रचना असते. डोंगरी भागात वस्तीची अट याहून कमी आहे. आता तीस खाटांचे एक रुग्णालय घ्या. वर्षाचे दिवस 365. तीस गुणिले तीनशे पासष्ट म्हणजे 10,950. इतके खाट-दिवस त्या दवाखान्याच्या पदरी वर्षाला असतात. रोज सरासरी बाराच खाटा भरलेल्या असतील, तर त्यांपैकी 4,380 कामी आले. प्रमाण पडले शेकडा चाळीस.

दुसरा आकडा रुग्णाच्या मुक्कामाचा. एक रुग्ण सरासरी चार दिवस राहत असेल तर 4,380 भागिले चार, म्हणजे वर्षात 1,095 रुग्ण झाले. तिसरा आकडा खाटेच्या फेराचा. 1,095 रुग्ण तीस खाटांवर फिरले, म्हणजे एका खाटेस वर्षात साडेछत्तीस रुग्ण मिळाले. बस्स, हे तीन आकडे हाती आले की दवाखान्याची नाडी सापडली.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या दवाखान्यांचा अभ्यास करताना पाबोन लासो नावाच्या अभ्यासकाने 1986 साली हे आकडे एका चौकोनात मांडून दाखविले. चौकोनाचे चार खण. पहिल्या खणात खाटाही रिकाम्या आणि फेरही कमी असा दवाखाना पडतो. तेथे एकतर गरजेपेक्षा खाटा अधिक आहेत, नाहीतर लोक येईनासे झाले आहेत. दुसऱ्यात खाटा पुष्कळ रिकाम्या, पण फेर जलद. तेथे बाळंतपणे वा किरकोळ आजार जास्त असतील, किंवा रुग्णास बरा होण्यापूर्वीच वाटेला लावीत असतील. तिसऱ्यात खाटा भरलेल्या आणि फेरही चांगला. हे घर नीट चालले आहे. चौथ्यात खाटा भरलेल्या, पण फेर मंद. तेथे रुग्ण जुनाट दुखण्याचे असतील, किंवा तपासणीची चिठ्ठी येईना म्हणून नुसते पडून असतील. बाजारात गुरे पाहणारा जसा आधी दात पाहतो व मग चाल पाहतो, तसा हा प्रकार आहे. एकट्या दातावरून कोणी बैल घेत नाही.

आता पैशाकडे वळू. पुढील रकमा आम्ही केवळ गणितापुरत्या धरल्या आहेत. समजा, त्या तीस खाटांच्या दवाखान्याचा पगार, वीज, इमारत, झाडलोट असा खर्च वर्षाला एक कोटी साठ लाख रुपये आहे. रुग्ण येवो न येवो, हा खर्च होणारच. ही दावणीची वैरण. औषध व जेवण यांचा खर्च रुग्णागणिक वाढतो. तो एका रुग्ण-दिवसाला 800 रुपये धरू. बारा खाटा भरल्या तर वैरणीचा वाटा एका रुग्ण-दिवसावर सुमारे 3,653 रुपये पडतो. त्यात 800 मिळविले म्हणजे 4,453. चोवीस खाटा भरल्या, म्हणजे शेकडा ऐंशीवर काम चालले, तर तोच वाटा 1,826 वर येतो आणि एकूण खर्च 2,626 होतो. इमारत तीच, माणसे तीच. काम दुप्पट झाले आणि दर मात्र निम्म्याच्या जवळ आला. उलट बाजूने पाहिले तर शेकडा ऐंशी हे चांगले माप धरून, त्या दवाखान्याने वर्षाकाठी 80 लाख रुपयांची ताकद न वापरता दवडली.

हे 80 लाख कोणी खाल्ले? चोर शोधू जाल तर चोर सापडणार नाही. प्रत्येक पगार सहीशिक्क्यानिशी दिलेला, प्रत्येक बिल तपासलेले. चोरी झालेला पैसा कधीतरी पकडला जातो. ह्या पैशाची मात्र वहीत ओळच नसते. म्हणूनच तो मोजला पाहिजे.

पण खाटा रिकाम्या का राहतात? आमच्या मते सगळ्या प्रकरणाची मेख येथे आहे. औत जोडीवर चालते. जोडीतला एक बैल गेला की दुसरा धडधाकट असूनही बसून खातो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे, पण भूल देणारा नाही. मग शस्त्रक्रियेची खोली, तिचे दिवे, टेबल, परिचारिका आणि खुद्द तो डॉक्टर, सगळे बसून. तपासणीचे यंत्र आहे, पण ते चालविणारा नाही, यंत्रावर फडके. बाळंतपणाची खोली आहे, पण रात्रीची नर्स नाही. सूर्य मावळला की खोलीस कुलूप. जागा रिकामी ठेवणारा अधिकारी मनात म्हणतो, एक पगार वाचला. वाचला कसला? एक पगार वाचविला आणि त्याच्या जोडीने चालणारे पाच पगार पाण्यात घातले. रिकामी जागा ही काटकसर नव्हे. ती सर्वांत महागडी उधळपट्टी आहे.

ही आमची कल्पना नाही. देशाच्या महालेखापालांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मार्च 2022 पर्यंतची तपासणी केली व तो अहवाल डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधिमंडळापुढे आला. त्यात राज्यभरात डॉक्टरांच्या सुमारे चौथा हिस्सा आणि परिचारिकांच्या सुमारे तिसरा हिस्सा जागा भरलेल्या नसल्याचे दिसून आले. तीन नर्सांचे काम दोघींनी ओढायचे, आणि रुग्णाने ओरड केली की शिव्याही त्या दोघींनीच खायच्या! वाचकहो, सरकारी दवाखान्यात राबणारी नर्स व शिपाई ही बहुतेक तुमच्याआमच्याच घरची लेकरे आहेत. त्यांच्यावर तोंड टाकण्यापूर्वी तिसरी जागा कोणी भरली नाही हे विचारा.

यंत्रांची कथा अशीच. केंद्र सरकारने 2015 च्या सुमारास देशातील सरकारी दवाखान्यांच्या यंत्रांची मोजदाद करविली. 29 राज्यांत साडेसात लाखांहून अधिक यंत्रे निघाली, त्यांची किंमत सुमारे साडेचार हजार कोटी रुपये, आणि निरनिराळ्या राज्यांत शेकडा 13 ते 34 यंत्रे बंद पडलेली आढळली. यंत्र घेताना उद्घाटन होते, फीत कापली जाते, फोटो निघतो. दुरुस्तीचे उद्घाटन कोणी करीत नाही, म्हणून दुरुस्तीस पैसा निघत नाही. ही काटकसर किती भयंकर ठरते पाहा. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागास आग लागून दहा बाळे दगावली. देखभालीवर वाचलेला रुपया हा वाचलेला रुपया नव्हे, हे त्या दहा आयांइतके कोणास ठाऊक असणार?

औषधांचेही तेच. 2017 पासून राज्याची औषधखरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे एकवटली. खरेदी एका हाती आली म्हणजे दर उतरेल हा हेतू चांगलाच होता. परंतु मागितलेला माल वेळेवर पोचेना. पुढे 2023 साली कायदा करून त्यासाठी निराळे प्राधिकरण स्थापावे लागले. बाजारातून बी स्वस्त आणले, पण ते पेरणी उलटल्यावर आणले, तर त्या स्वस्ताईला कोण विचारतो? तमिळनाडूने हे काम 1994 साली निराळ्या रीतीने आरंभिले. तेथे एक सरकारी महामंडळ खरेदी करते, जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे आहेत, आणि प्रत्येक दवाखान्यास किराणा दुकानातील उधारीच्या वहीसारखी एक पासबुक वही मिळते. वर्षाला इतक्या रकमेचे औषध तुमचे, लागेल तसे उचला, उचलले तेवढे वहीत लिहा. ज्या दवाखान्यात ताप जास्त तेथे तापाचे औषध जाते, वरून कोणी न मागितलेली खोकी लोटीत नाही. पुढे राजस्थानने 2011 साली तीच वाट धरली. ह्यात कोणता जादूटोणा आहे? चांगला दुकानदार जो हिशेब ठेवतो तोच सरकारने ठेवला, इतकेच.

येथवर दवाखान्याच्या वहीतला खर्च झाला. पण खरा खर्च ह्या वहीत येतच नाही. तो आमच्या घरच्या वहीत पडतो, आणि आमच्या घरी वही नसते.

आमच्या शाळेतील एका मुलाचा हात झाडावरून पडून मोडला. बाप त्याला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेला. एक्स-रेचे यंत्र होते, पण ते चालविणारा त्या दिवशी दुसरीकडे नेमलेला. दुसऱ्या दिवशी तो होता, पण हाडांचा डॉक्टर येण्याचा वार निराळा. तिसऱ्या दिवशी बापाने दोन शेळ्या विकल्या आणि खासगी दवाखान्यात हाताला प्लास्टर घातले. आता सरकारी नोंदवहीत काय राहिले? बाह्यरुग्ण दोन! महिनाअखेरीस कागदावर काम झालेले दिसणार. मुलाचा हात बरा झाला की नाही, कोठे झाला, कोणत्या शेळीवर झाला, हे वही विचारीत नाही. आलेला माणूस मोजणे निराळे आणि बरा होऊन गेलेला माणूस मोजणे निराळे. शाळेत मुले किती आली हे हजेरीपट सांगतो; वाचावयास किती शिकली हे तो सांगत नाही.

ह्या घरच्या खर्चाचेही माप काढता येते. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 साली देशभर घरोघर विचारून पाहिले. बाळंतपणे वगळता, दवाखान्यात दाखल होण्याच्या एका खेपेस सरकारी दवाखान्यात रुग्णाच्या घरचे सरासरी 4,452 रुपये गेले, आणि खासगीत 31,845 रुपये. फरक 27,393 रुपयांचा. खासगीत जाणारा आजार कधी अधिक मोठाही असतो, म्हणून ह्या फरकाचा प्रत्येक पैसा सरकारी दवाखान्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरी अंदाज घेण्यास हरकत नाही. आपल्या त्या तीस खाटांच्या दवाखान्यातून, डॉक्टर नाही, यंत्र बंद, औषध संपले म्हणून वर्षात चारशे रुग्ण खासगीकडे वळले असे धरा. चारशे गुणिले 27,393 म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख रुपये. सरकारची नासाडी 80 लाखांची, आणि तिच्यापायी शेतकरी-कारागिरांच्या घरांतून गेले एक कोटी दहा लाख! शिवाय बुडालेली मजुरी, गाडीभाडे, सोबत जाणाऱ्या बाईचा बुडालेला दिवस हे निराळेच. खंडाळ्याच्या माणसास पुढे न्या म्हटले म्हणजे एकतर खंबाटकीचा घाट चढून सातारा, नाहीतर नीरा ओलांडून पुणे. 2014 पासून 108 ची गाडी फुकट मिळते हे चांगले झाले. पण ती रुग्णाला नेते. घरच्या माणसांचे जाणेयेणे, बाहेरचे जेवण, रात्रीचा मुक्काम फुकट होत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. तेही योग्यच. परंतु जे औषध कपाटात नाही ते फुकट असून काय उपयोग?

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे: सरकारी दवाखान्यातील नासाडी मोजताना केवळ सरकारचा बुडालेला रुपया मोजू नका. त्या रुपयामुळे गरिबाच्या घरातून निघालेला दुसरा रुपया त्याच्याशेजारी मांडा. तो मांडला नाही तर हिशेब अर्धा, आणि अर्धा हिशेब हा खोट्या हिशेबाहून घातक.

घातक कसा? ऐका. आम्ही शाळेवाले एक आकडा कुऱ्हाडीसारखा कसा चालविला जातो हे पाहून आहोत. 2023 साली सरकारने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. पट कमी का झाला, रस्ता नाही की मास्तर नाही, की आईबाप ऊसतोडीला गेले, हे कोणी विचारीत नाही. आकडा कमी, शाळा बंद. उद्या दवाखान्यावरही हीच पाळी येईल. खाटा शेकडा चाळीसच भरतात, म्हणून दवाखाना गुंडाळा, नाहीतर कोणास चालवावयास द्या! आधी डॉक्टर द्यायचा नाही, मग रुग्ण येत नाहीत म्हणायचे आणि रुग्ण येत नाहीत म्हणून डॉक्टर द्यायचा नाही. विहिरीचा दोर कापून वर म्हणायचे की ह्या गावास तहानच नाही! मोजमाप हवे ते दवाखाना भरण्यासाठी हवे, मोडण्यासाठी नव्हे.

शिवाय प्रत्येक रिकामी खाट ही नासाडी नसते, हेही ध्यानात ठेवावे. आगीचा बंब रोज पळत नाही म्हणून कोणी तो मोडीत काढीत नाही. पालखी लोणंदच्या मुक्कामी येते तेव्हा, घाटात गाडी उलटते तेव्हा, साथ येते तेव्हा ज्या खाटा लागतात त्या आदल्या दिवशी रिकाम्याच असाव्या लागतात. म्हणूनच माप शेकडा ऐंशीचे धरतात, शंभराचे नव्हे.

आणि खाटा शेकडा दीडशे भरल्या तर ती कार्यक्षमता समजावयाची काय? मुळीच नाही. एका खाटेवर दोन रुग्ण आणि खाली सतरंजीवर तिसरा, हा नासाडीचाच दुसरा प्रकार. नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेरीस 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 अर्भके होती. मंजूर खाटांहून कितीतरी अधिक रुग्ण तेथे होते. एवढी गर्दी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात का लोटते? कारण खालची केंद्रे रुग्णाला वर ढकलतात. वर माणूस चिरडतो आणि खाली खाट रिकामी पडते. ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत. पाटाच्या पाण्याचे पाहा. वरच्यांची शेते पाणी साचून सडतात आणि शेवटच्यांची पिके करपतात, तरी धरणातून पाणी सुटले किती हे विचाराल तर आकडा पुरेपूर!

नीट वापरलेला लहान दवाखाना काय करू शकतो, याचे उदाहरण सह्याद्रीपलीकडेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, पटापट मरत. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी ह्या दंशावर कामी येते हे दाखविले. 1986 साली लॅन्सेट ह्या विलायती वैद्यकीय साप्ताहिकाने ते छापले. ज्या दंशात शेकडा तीस-चाळीस रुग्ण दगावत, तेथे मरणाचे प्रमाण पुढे अगदी खाली आले. कोट्यवधींचे यंत्र नव्हे, जागेवर हजर असलेला डॉक्टर, वेळेवर मिळणारी गोळी आणि प्रामाणिक नोंद, ह्या तिघांनी ते काम केले. तिघांतला एक जरी नसता तर उरलेले दोघे वाया गेले असते.

मग करायचे काय? नवीन आकडे गोळा करण्याची गरज नाही. प्रत्येक सरकारी दवाखाना आपली माहिती महिन्याच्या महिन्याला संगणकावरून वर पाठवितो. आकडे वर जातात. खाली गावास ते कोणी सांगत नाही. आमची मागणी इतकीच की, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या व आरोग्य केंद्राच्या दारात एक फळा लावावा आणि त्यावर महिन्याला पाच ओळी मराठीत लिहाव्या. पहिली: खाटा किती व रोज सरासरी भरल्या किती. दुसरी: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि त्यांतील माणसे इथे किती दिवस हजर होती. तिसरी: कोणते औषध किती दिवस संपलेले होते. चौथी: कोणते यंत्र किती दिवस बंद होते. पाचवी: किती रुग्णांना पुढे पाठविले व कशासाठी. फळ्याला खर्च किती? खडूचा.

2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कार्यालयांनी असा मजकूर न मागता आपण होऊन जाहीर करावा असे सांगितले आहे. रुग्णालयास रुग्ण कल्याण समिती आहे, गावास आरोग्य-पोषणाची समिती आहे. महाराष्ट्रातच 2007 पासून पुण्यासह पाच जिल्ह्यांत लोकांनी आपल्या दवाखान्यांवर देखरेख ठेवण्याचा व भरसभेत अधिकाऱ्यांस प्रश्न विचारण्याचा उपक्रम सुरू झाला. जे तेथे जमले ते साताऱ्याच्या माणसास जमणार नाही काय? ग्रामसभेत रस्ता व गटार यांवर आपण तासन्‌तास भांडतो. एक दिवस ह्या पाच ओळींवर भांडावे. विशेषेकरून बायांनी उठावे, कारण घरातला आजारी माणूस घेऊन रांगेत उभे राहण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते.

आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावात 1831 साली सावित्रीबाई जन्मल्या, आणि 1897 च्या प्लेगात रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविता पोचविता 10 मार्च रोजी त्याच रोगाने गेल्या. दरसाल 3 जानेवारीस तेथे मोटारींची रांग लागते, हार पडतात, भाषणे होतात. येणाऱ्या पुढाऱ्यांस तालुक्यातील लोकांनी हारांबरोबर एक कागदही द्यावा. त्यावर तालुक्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या ह्या पाच ओळी असाव्यात, आणि खाली एकच प्रश्न असावा: दावणीला बांधलेल्या बैलाचा जोडीदार तुम्ही केव्हा आणता? उत्तर तारखेनिशी घ्यावे, आणि पुढच्या जानेवारीत तोच कागद घेऊन पुन्हा उभे राहावे.